इंजिन पाहावं उघडून

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्याकडे मोटरसायकल नव्हती, म्हणून म्हण तिथंच थांबली. नाहीतर 'इंजिन पाहावं उघडून' हा तिसरा चरण त्यांनी नक्की जोडला असता, आणि पहिली दोन कामं त्यामानानं स्वस्त पडतात असा खुलासाही केला असता.

तसा मी हिशेबाला कच्चा माणूस नव्हे. छत्तीस वर्षं बँकेच्या कर्ज खात्यात काढली. लोकांनी आणलेली अंदाजपत्रकं तपासायची आणि त्यांना कात्री लावायची, एवढंच माझं काम. विहिरी, गुऱ्हाळं, कोंबड्यांच्या शेडी, पिठाच्या गिरण्या, सगळं माझ्या हाताखालून गेलं. प्रत्येक अंदाजपत्रकाच्या तळाशी 'किरकोळ व अनपेक्षित' असं एक कलम असायचं. ते मी डोळे मिटून निम्म्यावर आणायचो. एकदा भुदरगडकडचा एक म्हातारा विहिरीचं कर्ज मागायला आला होता. मी किरकोळावर लाल रेघ मारल्यावर म्हणाला, "सायेब, तेवढं ऱ्हाऊ द्या. जमिनीच्या पोटात काय हाय ते आपुन बघितलंय का? खडक लागला तर?"

"लागला तर बघू," असं मी म्हणालो आणि सही केली. त्या म्हाताऱ्याचा तळतळाट मला फळायला पुढं बरीच वर्षं लागली.

माझ्याकडे १९८६ साली घेतलेली बुलेट आहे. साडेतीनशे सीसीची, बिडाच्या इंजिनाची, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. जन्मानं ही गाडी इंग्रज, पण १९५५ पासून मद्रासला बनू लागली आणि आपल्याकडच्या फौजदारांच्या, बागायतदारांच्या अंगी लागली. मी फौजदार नव्हतो, बागायतदार नव्हतो. पण नवीन लग्न झालेला कारकून होतो आणि त्या अवस्थेत माणसाला आपण दोन्ही आहोत असं वाटतं.

१९८७ साली आम्ही दोघं त्या गाडीवरून जोतिबाला निघालो. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरचं अंतर. केर्लीपर्यंत सपाट रस्ता, तिथून डोंगर. आदल्या रात्री मी पुस्तकात वाचून इंजिनाचं टायमिंग स्वतःच्या हातानं लावलं होतं. पॉइंटच्या फटीत सिगारेटचा कागद धरायचा आणि तो सुटतो कधी ते बघायचं. माझा कागद सुटला, पण भलत्या वेळी सुटला असावा. निम्म्या घाटात गाडी तापली, धापा टाकायला लागली आणि शेवटी उभी राहिली. दोष गाडीचा नव्हता. माझ्या वाचनाचा होता. हिला उतरावं लागलं. नऊवारी नसली तरी ठेवणीतली साडी, हातात नारळाची पिशवी, आणि मागं मी गाडी ढकलतोय. तेवढ्यात एक गडी लूनावरून आला. पन्नास सीसीची लूना! शेजारून जाताना वेग कमी करून म्हणाला, "सायेब, ढकलू का?"

वर पोहोचेपर्यंत ही एक अक्षर बोलली नाही. देवापुढं मात्र हात जोडून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "देवा, पुन्हा येईन तेव्हा ह्यांच्या गाडीवरून, एकदाही न उतरता येईन."

त्यानंतर आम्ही जोतिबाला एस.टी.नं गेलो, जावयाच्या मोटारीनं गेलो. पण ती दर्शनं; नवस तसाच राहिला. बुलेट संसारात राबली आणि म्हातारी होऊन जुन्या चादरीखाली व्हरांड्यात बसली. मग गेल्या वर्षी हिच्या गुडघ्यांनी उचल खाल्ली. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा, पुढंमागं शस्त्रक्रिया लागेल. दवाखान्यातून येताना रिक्षात ही सहज म्हणाली, "आणखी वर्षा-दोन वर्षांनी मला गाडीवर मागं बसता येईलसं वाटत नाही."

एवढंच म्हणाली. मी त्याच रात्री चादर काढली.

आणि वहीही काढली. अंदाजपत्रक केल्याशिवाय मी साधी मिसळ खात नाही. ते असं होतं : पिस्टन ३,२००, क्रँकचं काम ५,०००, बोअर ८००, हेड ३,०००, मजुरी ५,००० आणि किरकोळ १,०००. एकूण १८,०००. किरकोळ आधी दोन हजार लिहिलं होतं. सवयीनं निम्म्यावर आणलं.

शिवाजी उद्यमनगरात आमचे एक जुने वस्ताद आहेत. बुलेटच्या आवाजावरून मालकाची प्रकृती सांगतात. त्यांनी वही बाजूला सारली आणि विचारलं, "सायेब, गाडी दुरुस्त करायची का तयार करायची?"

"फरक काय?"

"दुरुस्त म्हंजे चालंल. तयार म्हंजे घाट चढंल, मागं माणूस घिऊन, गाणं म्हणत. पैलवान तयार केल्यागत असतंय बघा. खुराक लागतोय."

कोल्हापुरात राहून 'दुरुस्त करा' असं कोण म्हणेल? मी म्हणालो, "तयार करा."

पहिली चूक मी वस्तादांना न विचारताच करून बसलो होतो. कुठल्याशा दुकानात सवलतीत मिळाला म्हणून चांगला, माथा थोडा उंच असलेला पिस्टन आधीच घेऊन ठेवला होता. उंच माथ्यानं वायू जास्त दाबला जातो आणि ताकद वाढते, हे पुस्तकात होतं. पिस्टन रेशमी कापडात गुंडाळून मी वस्तादांपुढं धरला, जसा सोयरिकीत नारळ धरतात. त्यांनी तो घेतला नाही. आधी इंजिन उघडलं. सिलिंडरमध्ये माप घातलं. वर, मध्ये, खाली, उभं, आडवं. मग मान हलवली.

या गाडीचा बोअर कारखान्यातून ७० मिलिमीटरचा येतो, स्ट्रोक ९० मिलिमीटरचा. बोअरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि स्ट्रोक यांचा गुणाकार करून ३४६ सीसी होतात. पिस्टन वर-खाली घासून सिलिंडर झिजतो. तोही सारखा नाही, कुठं लंबगोल, कुठं निमुळता. मग तो कापून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा. गाडी जन्मानं इंग्रज असल्यामुळं ही मापं इंचाच्या हजाराव्या भागात चालतात. उद्यमनगरात त्याला 'थाऊ' म्हणतात. वीस थाऊ, चाळीस थाऊ, साठ थाऊ. त्यापुढं सिलिंडरला नवी स्लीव्ह. माझा सिलिंडर पूर्वीच एकदा वीसवर गेला होता आणि आता तिथूनही झिजला होता. म्हणजे चाळीस. आणि माझा रेशमी कापडातला पिस्टन होता स्टँडर्ड.

"बाळाचं अंगडं पैलवानाला," वस्ताद म्हणाले.

तो पिस्टन सध्या माझ्या टेबलावर आहे. विजेची बिलं उडू नयेत म्हणून. ३,२०० रुपयांत इतकं वजनदार पेपरवेट कुणाकडे नसेल. नवा ३,४०० ला आला. तो हातात आल्यावरच बोअरिंगवाल्यानं सिलिंडर मशीनवर चढवला; कारण पिस्टन मोजून, त्याला बेतानं फट ठेवून बोअर मारायचा असतो. आधी चोळी शिवून मग माणूस शोधायचा नसतो. बोअर, होनिंग मिळून ९०० झाले. मी उत्सुकतेनं नवा गुणाकार केला. ३५६ सीसी! म्हणजे इतक्या खटाटोपात दहा सीसी वाढले. दोन चमचे.

मग क्रँक. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी जुन्या बुलेटमध्ये एक तरंगता बुश असतो. मंद चालीनं जन्मभर साथ देतो, पण पळवायची म्हटली, की कुरकुरतो. वस्ताद म्हणाले, तयार करायची तर तिथं रोलरवाला रॉड घालू. ४,२०० रॉडचे. जुनी पिन हायड्रॉलिक प्रेसवर दाबून काढायची, नवी दाबून बसवायची, मग क्रँक दोन टोकांवर धरून फिरवायचा आणि डायल गेज लावून तांब्याच्या हातोड्यानं ठोकत ठोकत सरळ करायचा. तो कारागीर एक टोला द्यायचा, काटा बघायचा, बिडी ओढायचा, पुन्हा एक टोला. मी अर्धा तास बघत होतो. त्यानं एकूण सात टोले दिले आणि १,८०० घेतले. मी मनात भागाकार केला, एका टोल्याला २५७ रुपये पडले. पण सातवा टोला कुठं मारायचा नाही, हे मला आलं असतं का? शिवाय बेअरिंगं २,६०० ची. क्रँकच्या ५,००० च्या कलमाचे ८,६०० झाले.

तेव्हा मला एक उलगडा झाला. दुकानात पाटीवर किंमत असते ती सामानाची. ते सामान एकमेकांशी नांदायला लावण्याची किंमत निराळी. लग्नात दागिने वेगळे आणि मानपान वेगळा, तसंच हे.

हेडचं काम तर मानपानातलंच. व्हॉल्व्हच्या गाइडा झिजलेल्या, सीटा खचलेल्या. नवे व्हॉल्व्ह, नव्या गाइडा, सीट कटिंग. आणि हवा आत यायच्या वाटेत ओतकामाचे जे उंचवटे राहिलेले असतात ते घासून काढायचे. वस्ताद म्हणाले, "पैलवानाचा गळा मोकळा पायजे. पन लई न्हाई घासायचा. पार गुळगुळीत, मोठ्ठा केला की खालच्या चालीला दम न्हाई. तुमाला शर्यत मारायची हाय का घाट चढायचाय?" ताकद म्हणजे जितकं मोठं, जितकं चकचकीत, तितकी जास्त, अशी माझी समजूत होती. ती ६,३०० रुपयांत दुरुस्त झाली.

इथपर्यंत बेरीज २२,४००. इंजिनाचे सुटे भाग तीन पाट्यांत, आणि मजुरीचा एक पैसाही दिलेला नाही.

"अजून किती?" मी विचारलं.

"पंधरा धरा. एकवीसबी धरा. किरकोळ असतंय की."

वाचकहो, इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझे १८,००० केव्हाच संपले होते. वरचे पैसे आले कुठून? कपाटात हिच्या साड्यांखाली एक पाकीट असतं. त्यावर हिच्या अक्षरात 'गुडघा' असं लिहिलंय. तपासण्या, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची फी, पुढचं जे काही असेल ते. ही दुपारी झोपलेली असताना मी त्यातून ५,००० काढले. छत्तीस वर्षं लोकांच्या पैशांवर बसलो, पण एका नव्या पैशाला हात लावला नव्हता. आणि घरखर्चाच्या वहीत त्या आठवड्यात मी लिहिलं, 'भाजी'. कुठल्या भाजीला एवढे पैसे पडतात हे मलाही सुचत नव्हतं.

त्या रात्री झोप नाही. काम थांबवावं म्हटलं तर उघडलेल्या इंजिनाला भंगारवाल्याखेरीज गिऱ्हाईक नाही. पुढं जावं म्हटलं तर त्या पाकिटाखेरीज वाट नाही. हिला घाटात चालावं लागू नये म्हणून मी हिच्या गुडघ्याचेच पैसे इंजिनात घालत होतो. अंधारात तो भुदरगडचा म्हातारा पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसल्यासारखा वाटला. म्हणाला, लागला न्हवं खडक?

सकाळी चहाच्या वेळी मी सगळं सांगून टाकलं. पिस्टन, टोले, पाकीट, भाजी.

आमची ही जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होती. तिनं शांतपणे चहा संपवला, कप विसळला आणि आतून एक वही आणली. वही जुनी, तिच्यावर कधीकाळी इयत्ता चौथी असं लिहिलेलं.

"बघा," ती म्हणाली. "१९८९, घर रंगवणं. तुमचा अंदाज १,५००, प्रत्यक्ष ३,२००. १९९६, गच्चीवरची टाकी. तुम्ही म्हणालात ६,०००, झाले १५,०००. २००४, न्हाणीघराच्या फरश्या. तुमचे ९,०००, खरे २१,०००. सरासरी काढली, जवळजवळ दोन पूर्णांक एक तृतीयांश येते. चाळीस वर्षांत तुमची ही पट काही बदललेली नाही. तुम्ही इंजिनाला अठरा म्हणालात, मी त्याच रात्री हे लिहून ठेवलं."

शेवटच्या ओळीत तिच्या शाळामास्तरणी अक्षरात लिहिलं होतं : ४२,०००.

"आणि पाकिटातले..."

"पाकिटात मी आधीच पाच जास्त घालून ठेवले होते. तुम्ही तिथूनच काढणार हे ठाऊक होतं. दुसरीकडं शोधाशोध केली असती तर साड्यांच्या घड्या मोडल्या असत्या." मग तिनं वेतन आयोगाच्या फरकाचे उरलेले १९,००० माझ्यापुढं ठेवले. "डॉक्टरांचे पैसे बँकेत आहेत, तुमच्या नजरेबाहेर. हे निराळे."

मी त्या ओळीपुढचं कलम वाचलं. खर्चाचं कारण या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'गुडघा'.

"तो घाट काय मी चालत चढू?" ती म्हणाली.

पुढचं काम त्यामुळं सुरळीत झालं, स्वस्तात नव्हे. वस्ताद म्हणाले, जुना कार्बोरेटर चालणार न्हाई, पैलवानाला चमच्यानं दूध पाजताय व्हय? ३,८००. ताकद वाढली तर जुना क्लच निसटणार, म्हणून प्लेटा, स्प्रिंगा आणि आतली चेन. ३,१००. मग म्हणाले, "पळवायचं ठरलंय तर थांबवायचंबी बघा की." ब्रेकचे लायनर १,१००. हा एक खर्च मी हिला फोडून सांगावा लागला नाही. मजुरी ७,०००.

आणि किरकोळ! पॅकिंगचा सेट, ऑइल सील, तुटलेला स्टड काढणं, खराब झालेल्या आट्यांत नवी जाळी बसवणं, नट-बोल्ट, केबली, पॉलिश पेपर, रॉकेलऐवजी धुवायला लागलेलं पेट्रोल, भरायचं ऑइल, ते पाचशे किलोमीटरनी पुन्हा बदलायचं ऑइल, रिक्षा, चहा, क्रँकवाल्याच्या बिड्या. माझ्या अंदाजपत्रकात १,००० होते. झाले ४,२३०. सगळ्यांत मोठी पट कुठल्या कलमानं घेतली असेल तर त्या कलमानं, ज्यावर मी जन्मभर लाल रेघ मारली.

एकूण ४१,६३०. हिच्या अंदाजापेक्षा ३७० कमी. ही जरा नाराज झाली. म्हणाली, चुकलंच माझं.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली तेव्हा मी लहान मुलासारखा पिरगळायला गेलो. वस्तादांनी मनगट धरलं. "आता न्हाई. नवं इंजिन हाय. पयले पाचशे चाळीसच्या आत. मग हजार हुईस्तवर पन्नासच्या आत. चढाला गाडी रडवायची न्हाई, गिअर पाडायचा." म्हणजे ४१,६३० रुपये वेगासाठी खर्च करून मी महिनाभर रंकाळ्याभोवती सायकलींच्या मागं मागं फिरलो. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी माझ्याशी चालता चालता राजकारणावर चर्चा केली.

पाचशे पुरे झाल्यावर ऑइल बदललं आणि एका रविवारी निघालो. केर्लीला डोंगराकडं वळलो, तशी मागं हिनं पिशवी घट्ट धरलेली मला कळली. पहिलं वळण, दुसरं वळण. गिअर पाडला. गाडीनं नुसता हुंकार दिला आणि चढायला लागली. न तापता, न धापता, मोठ्या जेवणानंतर माणूस शतपावली करतो तशी. ती जागा आली. झाडं बदललीत, पण मला ती जागा बरोबर माहीत आहे. हिलाही माहीत होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती जागा मागं गेल्यावर काढला.

तेवढ्यात शेजारून काहीतरी सळसळत पुढं गेलं. आवाज नाही, धूर नाही. एक शाळकरी वाटावी अशी पोरगी, ओढणी उडतेय, आणि खाली लूना! १९७२ साली बाजारात आलेली ती लूना २०२४ साली विजेवर परत आलेली आहे, हे मी पेपरात वाचलं होतं. ती मलाच गाठायला आलीय हे छापलेलं नव्हतं. माझा हात आपोआप मुठीकडं गेला. खाली ३५६ सीसी, मोकळा गळा, रोलरचा रॉड. नुसतं जरा पिरगळलं असतं की...

"अहो," मागून आवाज आला, "पन्नासच्या आत सांगितलंय ना? जाऊ द्या तिला. तिला कुठं नवस फेडायचाय?"

मी मूठ सैल सोडली. आम्ही त्याच चालीनं वर आलो. देवळाच्या जवळ गाडी लावेपर्यंत ही उतरली नाही. मग दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टेकून सावकाश उतरली, पदर सारखा केला आणि पर्स उघडली. त्यात ३७० रुपये वेगळे बांधून आणलेले होते. नारळ, गुलाल, पेढे. बरोबर तेवढेच झाले की नाही हे मी विचारलं नाही. तिनं वहीत लिहिलं असेलच.